रंगवलेल्या जुन्या भिंतीवर दगड लावायचा असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कर्वेनगरला वडिलांनी १९९४ साली बांधलेला दुमजली बंगला. ९ इंची विटांच्या भिंती, बाहेरून सँडफेस प्लास्टर आणि त्यावर आजवर चार-पाच वेळा मारलेला रंग. पश्चिमेकडच्या दर्शनी भिंतीवर, म्हणजे साधारण ४०० चौरस फुटांवर, तुम्हाला काळा दगड लावायचा आहे. पहिला ठेकेदार म्हणतो, रंगावरच केमिकलने चिकटवू. दुसरा म्हणतो, रंगाला टाचे मारून सिमेंटच्या मालात बसवू. तिसरा म्हणतो, सगळं प्लास्टर उतरवा, आणि त्याचा दर पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. शिवाय वरच्या बेडरूमला पावसाळ्यात ओल येते, ती दगडाने थांबेल का, असंही तुम्ही विचारलंय.

गेली २६ वर्षं मी पुण्यात बंगल्यांची बाहेरची कामं करतोय. तुमच्या भिंतीसाठी माझं उत्तर तिसऱ्या ठेकेदाराच्या बाजूनं आहे. आणि ओल दगडाने थांबणार नाही. ती आधी थांबवावी लागेल. आता कारणं सांगतो, कारण ती कळली की कामावर लक्ष कुठे ठेवायचं ते तुम्हाला आपोआप समजेल.

सुरुवातीच्या काळात मी स्वतः एक काम तुमच्या दुसऱ्या ठेकेदाराच्या पद्धतीनं करून दिलं होतं. भिंत रंगवलेली होती. टाकी-हातोडीने दर चौरस फुटाला वीस-पंचवीस टाचे मारून घेतले, भिंतीवर पाणी मारलं आणि दगड बसवला. दोन पावसाळे काही झालं नाही. तिसऱ्या पावसाळ्यात एका रात्री पहिल्या मजल्याच्या पातळीवरचे सहा दगड एकदम खाली आले. खाली माणूस नव्हतं, जास्वंदीचं झाड तेवढं मोडलं. सकाळी मी तिथे गेलो आणि पडलेला एक दगड उलटा केला. मागे माल घट्ट चिकटलेला होता, नखाने निघत नव्हता. त्या मालावर पिस्ता रंगाचा सलग पापुद्रा होता आणि मधे मधे टाच्यांचे खवले. माझ्यासोबतचा मिस्त्री म्हणाला, "साहेब, दगड नाही सुटला, रंग सुटला." तेव्हापासून पडलेल्या दगडाची मी आधी पाठ बघतो. तो कशामुळे पडला ते तिथे लिहिलेलं असतं.

दगड भिंतीवरच्या सगळ्यात वरच्या थराला चिकटतो. तो थर खालच्या थराला, आणि तो विटेला. या साखळीतला जो थर सगळ्यात कच्चा असेल, तेवढीच तुमच्या कामाची ताकद. तुमच्याकडे तीस वर्षांचं प्लास्टर आहे आणि त्यावर रंगाचे चार-पाच थर, म्हणजे साखळी लांब आहे. टाचे मारल्याने रंगाचा फार तर पाचवा भाग निघतो, उरलेला तिथेच असतो. पहिल्या ठेकेदाराचं केमिकल कितीही भारी असलं तरी ते रंगालाच धरणार.

आता वजनाचं बघू, कारण त्याची सगळ्यांना धास्ती असते. आपला काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, घनमीटरला २,९०० किलोच्या आसपास भरतो. २० मिमी जाडीचा दगड घेतला तर चौरस फुटाला साधारण साडेपाच किलो. एका चौरस फुटात ९२९ चौरस सेंटिमीटर असतात, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर भार येतो जेमतेम ६ ग्रॅम. चांगल्या पॉलिमर अॅडेसिव्हची पकड चौरस सेंटिमीटरला १० किलोच्या घरात असते. नुसत्या वजनाचा प्रश्न असता तर एकही दगड कधी पडला नसता.

दगड पडतो तो ताणाने. पश्चिमेची भिंत, त्यात काळा दगड. एप्रिलच्या दुपारी चार वाजता त्याला हात लावून बघा, तळवा टिकत नाही. त्यातच वळवाची सर आली की दहा मिनिटांत तो गार पडतो. दगड प्रसरण पावतो, आकसतो. मागची वीट सावलीत असते, ती तेवढी हलत नाही. ३ मीटर लांबीच्या सलग दगडाला ३० अंशांचा फरक पडला तर अर्ध्या मिलिमीटरच्या वर हालचाल होते. दिसायला काहीच नाही, पण ती रोज होते, वर्षानुवर्षं होते, आणि सगळा ताण त्या मधल्या थरांवर येतो. त्यातच दगडामागे पाणी शिरलं की रंग फुगतो, जुनं प्लास्टर भुसभुशीत होतं. ऊन आणि ओल मिळून हे काम करतात. कर्वेनगर-कोथरूड भागात पाऊस हडपसरच्या बाजूपेक्षा जास्त, आणि तोही पश्चिमेकडून तिरका येऊन थेट तुमच्या भिंतीवर आपटणारा.

माझ्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा भिंतीलाच विचारा. हातोडीच्या लाकडी दांड्याने सगळ्या भिंतीवर ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर प्लास्टर विटेला धरून आहे. बद्द आवाज आला तर पोकळ आहे. तिथे खडूने खूण करा. तीस वर्षांच्या पश्चिमेच्या भिंतीवर, विशेषतः बीम आणि विटांच्या सांध्याजवळ आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांत, बद्द जागा हमखास सापडतात. मग दुसरी परीक्षा. पहिल्या ठेकेदाराला सांगा, तुमच्या केमिकलने रंगावर एक दगड चिकटवा. शेजारी हातभर जागेतला रंग ग्राइंडरने पूर्ण घासून, प्लास्टर उघडं करून तिथे दुसरा लावा. चौदा दिवसांनी दोन्ही दगड छिन्नीने उचकटून काढा आणि पाठी बघा. पाठीवर रंग आला तर रंग कच्चा. रेती आली तर प्लास्टर कच्चं. दगडच तुटला किंवा अॅडेसिव्ह मधून फाटलं, तरच पकड खरी. खर्च दोन दगडांचा, आणि निकाल तुमच्या डोळ्यांसमोर.

या परीक्षेत प्लास्टर पक्कं निघालं आणि बद्द जागा थोड्याच असल्या, तर रंग पूर्ण घासून काढून तेवढ्याच जागा दुरुस्त करता येतात. सात-आठ वर्षांच्या घरांवर मी तसंच करतो. पण तुमच्या भिंतीचं वय, तिची दिशा आणि आत येणारी ओल बघता मी विटेपर्यंत जाईन.

ओलीचं काम प्लास्टर उतरवल्यावर सोपं होतं, कारण भिंत उघडी असते. बीम आणि विटांच्या सांध्यावरची भेग खरवडून पॉलिमर मॉर्टरने भरायची. खिडकीच्या चौकटीभोवतीच्या फटी भरायच्या. गच्चीच्या पॅरापेटचा, म्हणजे कठड्याचा, माथा तपासायचा. पुण्यात वरच्या बेडरूमची ओल बऱ्याचदा भिंतीतून न येता पॅरापेटच्या तडकलेल्या माथ्यातून उतरते आणि आपण विनाकारण भिंत रंगवत बसतो. यातलं काहीही न करता वरून दगड लावला तर ओल आहे तिथेच राहील, फक्त ती कुठून येते हे पुढे कुणालाच शोधता येणार नाही. दगडांच्या सांध्यांतून पाणी आत जातंच. दगडाचं आवरण म्हणजे रेनकोट नव्हे. मागची भिंत स्वतःच्या जोरावर पाणी अडवणारी हवी.

नवीन प्लास्टर १:४ चं, म्हणजे एक भाग सिमेंटला चार भाग रेती, फायबर आणि वॉटरप्रूफिंग कंपाउंड घालून. बीम-विटांच्या सांध्यावर जाळी तर हवीच, पण दगड लावायचा असेल तर मी सगळ्याच भिंतीवर गॅल्वनाइज्ड वेल्डेड जाळी घेतो आणि ती विटेत प्लग-स्क्रूने धरतो. म्हणजे उद्या प्लास्टर एखाद्या ठिकाणी सुटलं तरी जाळी त्याला लटकवून ठेवते, डोक्यावर येऊ देत नाही. प्लास्टरचा वरचा थर रफ ठेवायचा. सँडफेस करायचा नाही, घोटायचाही नाही. भिंत ओळंब्यात मात्र इथेच आणायची. मिस्त्री म्हणतात, "दगडात काढून घेऊ," आणि मग कुठे ५ मिमी तर कुठे २५ मिमी अॅडेसिव्ह भरतात. जाड भरलेलं अॅडेसिव्ह आकसतं आणि स्वतःच फाटतं. प्लास्टरवर किमान सात दिवस पाणी मारा, मग तीन आठवडे वाळू द्या. हे तीन आठवडे सगळ्यांना जड जातात, पण ओल्या प्लास्टरवर दगड लावला की आतले क्षार पाण्याबरोबर बाहेर येतात आणि काळ्या दगडावर पांढरे ओघळ उमटतात. काळ्यावर ते लांबून दिसतात.

प्लास्टर वाळल्यावर दोन भागांचं सिमेंट-पॉलिमर वॉटरप्रूफिंग ब्रशने दोन हात मारून घ्या. ते सिमेंटचं असल्याने अॅडेसिव्ह त्याला धरतं. टेरेसवर मारतात तसला रबरी अॅक्रिलिक कोट इथे चालणार नाही. तो मारला की आपण पुन्हा रंगावर दगड चिकटवायला बसलो.

तुम्ही अमेरिकेतले व्हिडिओ बघून विचारलंय की तिथे भिंतीवर आधी कागदाचे थर, मग जाळी, मग खरखरीत प्लास्टर करतात, ते इथे का नाही. तिथली घरं बहुतेक लाकडी सांगाड्याची. दगडामागे शिरलेलं पाणी लाकडापर्यंत पोचलं तर ते कुजतं. म्हणून पाणी अडवणारे दोन थर आणि खाली ते बाहेर पडायला पट्टी. आपली भिंत विटांची, कुजणार नाही, त्यामुळे कागद लागत नाही. पण त्यातल्या दोन गोष्टी उचलण्यासारख्या आहेत. पहिली, पाण्याला खालून वाट देणं. दगड मातीत किंवा फरशीत गाडू नका, जमिनीपासून चार ते सहा इंच वर थांबवा. बागेची माती जोत्याला लागलेली असते, ती दगडाला टेकली की केशाकर्षणाने ओल वर चढते आणि खालच्या दोन ओळींना कायमचा लोणा लागतो. दुसरी गोष्ट वजनाची मर्यादा. तिथल्या नियमाप्रमाणे नुसत्या चिकटवायच्या दगडाचं वजन चौरस फुटाला १५ पौंडांच्या, म्हणजे पावणेसात किलोंच्या आत लागतं. आपल्या काळ्या दगडाला हे गणित लावलं तर जाडी २५ मिमीवर संपते. मी २० मिमीवर थांबतो. त्यापेक्षा जाड, हातघडाईचा ४०-५० मिमीचा दगड हवा असेल तर स्टेनलेस स्टीलच्या क्लॅम्पवर, भिंतीत अँकर मारूनच बसवायचा. गोंदाचा भरवसा तिथे धरायचा नाही.

शनिवारवाड्याच्या तटाचं उदाहरण लोक मला देतात, की तिथे एवढा दगड अडीचशेच्या वर वर्षं उभा आहे. तिथे खाली दगड आणि वर वीट आहे, दगड पायावर बसलाय आणि वरचा भार पेलतोय. आपला दगड भिंतीला लटकलेला आहे. दोघांचा रंग सारखा, जगणं वेगळं.

भिंतीला हा भार झेपेल का? ९ इंची विटांच्या भिंतीचं स्वतःचं वजन चौरस मीटरला सव्वाचारशे-साडेचारशे किलो. दगड आणि अॅडेसिव्ह मिळून सत्तरच्या आसपास वाढतात. तुमच्या ४०० चौरस फुटांना एकूण अडीच-पावणेतीन टन. जोत्यावरून उठलेल्या भिंतीला आणि तिच्या बीमला हे सहसा जड नाही. पण पुढे आलेल्या बाल्कनीच्या साडेचार इंची पॅरापेटवर लावायचा विचार असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय एक दगडही लावू नका. कँटिलिव्हरच्या टोकावर वाढलेला भार ही वेगळी गोष्ट आहे.

दगडाबद्दल थोडक्यात. बेसाल्ट पाणी कमी पितो, टणक आहे, आणि आपल्याच मातीतला आहे. पाताळेश्वराचं लेणं याच खडकात कोरलेलं आहे. पश्चिमेच्या भिंतीला तो मला आवडतो, फक्त तापतो. सँडस्टोन हलका आणि कापायला सोपा, पण पाणी पितो आणि पावसात हिरवट शेवाळतो. स्लेटचे थर सुटतात आणि काही लादींत लोहाचे कण असतात, त्यांचे गंजाचे ओघळ उतरतात. शहाबाद आणि कोटा हे चुनखडीचे, त्यांच्यावर अॅसिड पडलं की पृष्ठभाग खाल्ला जातो. काम संपल्यावर "अॅसिडने धुऊन देतो" म्हणणाऱ्याला काळ्या दगडावरही अॅसिड मारू देऊ नका, तपकिरी डाग येतात. अॅडेसिव्हचे डाग ओले असतानाच स्पंजने पुसायचे असतात.

दगड आला की त्याची पाठ धुऊन घ्या. कटिंगची भुकटी मागे बसलेली असते, आणि तिच्यावर अॅडेसिव्ह लावणं म्हणजे पिठावर कणीक चिकटवणं. हे काम बिगाऱ्याचं आणि कंटाळवाणं, म्हणून ते टाळलं जातं. पाण्याचं पिंप आणि ताठ ब्रश, एवढंच लागतं. तुम्ही तिथे उभे राहा.

अॅडेसिव्ह घेताना गोणीवर आयएस १५४७७ हे भारतीय मानक आणि बाहेरच्या कामासाठीचा, नैसर्गिक दगडाला चालणारा प्रकार लिहिलाय का ते बघा, आणि लवचीक, म्हणजे एस-१ दर्जाचं मागा. लावताना भिंतीवर दातेरी थापीने एका दिशेत रेघा ओढायच्या आणि दगडाच्या पाठीवरही पातळ हात फिरवायचा. मग दगड दाबून किंचित सरकवायचा, म्हणजे रेघा मोडून हवा निघून जाते. चार कोपऱ्यांना आणि मधे एक असे पाच गोळे ठेवून दगड दाबला जात असेल तर काम तिथेच थांबवा. गोळ्यांच्या मधल्या पोकळीत पाणी साठतं. दर तासाला एक ताजा बसवलेला दगड काढून बघायला सांगा. पाठ जवळजवळ पूर्ण माखलेली हवी. मिस्त्रीला राग येईल, येऊ द्या.

गोण्या मोजणं ही मालकाच्या हातातली सगळ्यात सोपी तपासणी आहे. १ मिमी जाडीला चौरस मीटरमागे साधारण दीड किलो अॅडेसिव्ह लागतं. दगडामागे ६-७ मिमी थर धरला तर २० किलोची गोणी जवळपास २० चौरस फूट जाते. तुमच्या भिंतीला साधारण वीस गोण्या. कुणी सात-आठ गोण्यांत आटोपतो म्हणाला तर थर अडीच मिमीचा आहे, किंवा मागे पोकळी आहे.

जमिनीपासून दहा फुटांच्या वर मी प्रत्येक मोठ्या दगडाला स्टेनलेस स्टीलची पिनही देतो, दगडाच्या कडेत भोक पाडून आणि भिंतीत अँकर करून. साधी लोखंडी तार नको, ती गंजून फुगते आणि दगडाची कड फोडते. तुमच्या खाली पोर्च आहे, मुलं खेळतात, गाड्या लागतात. हा खर्च वाचवू नका.

सांध्यांबद्दल आग्रह धरा. दगडाला दगड भिडवून बसवू नका, किमान ४-५ मिमी फट ठेवून ती पॉलिमर ग्राउटने भरा. त्याशिवाय स्लॅबच्या पातळीवर आडवा, आणि उभे दर तीन ते साडेचार मीटरवर, असे ८-१० मिमीचे हालचालीचे सांधे सोडायचे. त्यांत सिमेंट जाता कामा नये. फोमची दोरी भरून वर पॉलियुरेथेन सीलंट. माझे जे सहा दगड पडले ते नेमके स्लॅबच्या पातळीवरचे होते, आणि तिथे मी सांधा सोडलेला नव्हता. रंग कच्चा होता हे खरं, पण त्याला सुटायला भाग पाडलं ते तिथल्या ताणानं.

खिडक्यांचं एक सहसा कुणी आधी सांगत नाही. तुमच्या खिडकीखालची सिल भिंतीच्या बाहेर दीड इंच आलेली असेल आणि तिच्या खालच्या अंगाला पाणी तोडणारी खाच असेल. दगड २० मिमी आणि अॅडेसिव्ह ७ मिमी म्हटलं की भिंत एक इंचाच्या वर पुढे येते आणि ती खाच नेमकी दगडात गाडली जाते. मग सिलवरचं पाणी टपकण्याऐवजी वळून थेट दगडाच्या मागे जातं. नवी ओल अशी जन्माला येते. म्हणून खिडकीच्या सिल दगडाआधी बदला, नव्या दगडाच्या बाहेर इंचभर येतील अशा घ्या आणि खाच कापून घ्या. छज्जाच्या आणि पॅरापेटच्या माथ्याचंही तेच. पावसाच्या पाण्याचे पाइप, एसीच्या बाहेरच्या युनिटचे ब्रॅकेट, दिव्यांच्या वायरी आधी काढून घ्या आणि लांब अँकरने परत बसवा. ब्रॅकेट दगडाला धरता कामा नये, विटेला धरलं पाहिजे.

वरून चकाकी देणारं लॅकर मारू नका. ओल्या दगडासारखं दिसतं म्हणून लोक मागतात, पण उन्हात ते पिवळं पडून सोलतं आणि भिंतीतली वाफ अडवतं. दगडात मुरणारा, पृष्ठभागावर थर न करणारा सिलेन-सिलोक्सेन सीलर मारा, तोही ग्राउट पूर्ण वाळल्यावर.

वेळेचं सांगायचं तर आत्ता जून लागलाय, यंदा घाई नको. काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या दिवसांत करा. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेच्या भिंतीवर दुपारी अॅडेसिव्हवर पाच-सात मिनिटांत साय धरते आणि दगड टेकतो पण धरत नाही. हा पावसाळा भिंत काय सांगते ते बघायला वापरा. पहिल्या मोठ्या झडीनंतर बेडरूमच्या आतल्या ओलीची कड पेन्सिलने आखा, तारीख लिहा. दर आठवड्याला पुन्हा आखा. ओल वरून खाली पसरतेय की खिडकीच्या कोपऱ्यातून बाहेर येतेय, हे दोन महिन्यांत त्या रेघांवरून दिसेल. गणपतीनंतर त्याचे फोटो आणि हातोडीच्या खुणांचे फोटो घेऊन तिन्ही ठेकेदारांना पुन्हा बोलवा, आणि प्रत्येकाकडून या भिंतीसाठी प्लास्टर, जाळी, अॅडेसिव्हच्या गोण्या आणि सांधे यांचा वेगवेगळा दर लिहून घ्या.